मच्छरदाणीतला हौद

निवृत्त मामलेदार आबासाहेब घोरपड्यांचा अंगणातल्या कमळांच्या हौदावर भारी जीव. गल्लीत डेंग्यू शिरला आणि शेजारच्या शाल्मलीची आई तापाने फणफणली, तशी शाल्मली तडक त्यांच्याकडे गेली.

"आबा, हौदात डास होतायत. उपसा ना!"

"अगं पोरी, डास बाहेरून येतात. माझं पाणी काचेसारखं आहे!"

"मग आज तुमची मच्छरदाणी हौदावर घट्ट बांधू. डास बाहेरचे असले, तर आत एकही दिसणार नाही."

"बांध की!" आबा ऐटीत म्हणाले.

सकाळी पाहतात तर मच्छरदाणी आतून नुसती गुणगुणत होती.

आबांनी बादली उचलली. "लबाड कुठली! आता मी झोपू कशात?"

"हौद उपसल्यावर मच्छरदाणी हवीय कुणाला, आबा?"