लाल रंगाची हौस

कॉम्प्युटरचा मॉनिटर माझ्यापेक्षाही जाड असायचा, त्या काळातली गोष्ट. एका प्रोग्रॅमच्या खिडकीत दोन बटणं शेजारी राहायची. ‘जतन करा’ करडं होतं आणि ‘पुसून टाका’ लालभडक.

“दिवसभर राबायचं मी आणि नटायचं तू,” जतन कुरकुरायचं.

शेवटी त्याने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मृदुलाकडे लाल रंगाचा हट्ट धरला. मृदुला माझ्याइतकीच आळशी. एका बटणासाठी वेगळं कोण लिहीत बसणार, म्हणून तिने अख्ख्या खिडकीलाच तो रंग लावला. झाडून सगळी बटणं लाल झाली. जतन खूश.

दुपारी हेमलताबाईंनी महिला मंडळाच्या नाटकाचा शेवटचा प्रवेश टाइप केला आणि घाईत ‘जतन’ऐवजी शेजारचं लाल बटण दाबलं. प्रवेश पुसला गेला.

“अगं बाई, उद्या प्रयोग आहे,” त्या पुटपुटल्या.

“तू त्यांना सांगायचंस ना,” जतन रडवेलं झालं.

“माझा रंगच सांगायचा, लांब राहा म्हणून,” ‘पुसून टाका’ म्हणालं. “तुला वाटलं, मला नटवलंय.”

संध्याकाळी जतनच्याच सांगण्यावरून मृदुलाने त्याला पुन्हा करडं केलं. बाई आठवून आठवून लिहीत होत्या आणि प्रत्येक वाक्यानंतर त्याला दाबत होत्या.

“दमलंस का?” पुसूनने विचारलं.

“छे,” जतन म्हणालं.