बारा पानांतला एक राजा

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला, बरं का. तेव्हा नदीवर पूल नव्हता आणि गावाला वेस होती. त्या गावात एक कुंभार राहत होता. हाताचा कसबी, मनाचा भोळा. बायको नुकतीच बाळंत झालेली, आणि तिचं दूध काही बाळाला पुरत नव्हतं. आपल्या दारात एक म्हैस असावी, एवढंच कुंभाराच्या डोक्यात घोळत होतं.

म्हशी होत्या गवळ्याकडे. आणि गवळ्याला नाद होता पत्त्यांचा.

म्हणून कुंभार दुपारचा वेशीजवळच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. पाच डाव खेळला, पाचही हरला. घरातलं घंगाळ गेलं, घोंगडी गेली. सहाव्या डावाला मात्र त्याच्या हातात दोन राजे आले! तिसरा आला की डाव त्याचा. चौथा राजा मघाशीच बाद होऊन पडला होता. गड्डीत उरली होती बारा पानं; तिसरा राजा त्यांतच होता, आणि उचलायचं होतं एकच पान.

गवळी मिशीतल्या मिशीत हसला. "लाव तुझं गाढव. मी दुभती म्हैस लावतो. पाच डाव हरलास ना? मग सहावा तुझाच की, दादा!"

कुंभाराला ते अगदी पटलं. "थांबा, आलोच," म्हणून तो पानं मुठीतच धरून गाढव आणायला घरी गेला.

अंगणात त्याची म्हातारी आत्या माती मळत होती. "कुठं नेतोस रे त्याला भरदुपारी?"

कुंभारानं सगळं सांगून टाकलं.

"बारा पानं, आणि त्यात राजा एकच?" आत्या म्हणाली. "मग गाढव गेल्यावर माती कशावर आणायची? माझ्या पाठीवर?"

"पण पाच वेळा हरलोय गं. आता एकदा तरी येईलच की!"

"अरे वेड्या, पत्त्यांना काय ठाऊक, तू किती वेळा हरलास ते? असा डाव बारा वेळा खेळलास, तर अकरा गाढवं जातील आणि म्हैस येईल एक. आव्यात बारा मडकी रचली आणि अकरा फुटणार हे आधीच कळलं, तर पेटवशील का आवा?"

कुंभारानं गाढव पुन्हा खुंट्याला बांधलं, ओट्यावर गेला आणि पानं खाली ठेवली. "मी डाव सोडला."

"आत्याबाईनं कान धरला वाटतं!" गवळी ओरडला. सगळे खो खो हसले.

शेजारी बसलेला सुतार पुढं सरकला. "आण ती पानं इकडे. मी माझी हत्यारांची पेटी लावतो."

गवळ्यानं मान डोलावली. सुतारानं गड्डीतलं वरचं पान उचललं.

राजा!

म्हैस सुताराच्या दारी गेली. कुंभार तणतणत घरी आला. "तुझ्यापायी गेली माझी म्हैस! लेकराच्या तोंडचं दूध गेलं!"

आत्या रागावली नाही. "मलाही वाईट वाटतंय, बाळा. पण तू चुकला नाहीस. सुतार जिंकला, तरी चुकला तोच. ऊठ, गाढव आहे ना दारात? माती आणू चल."

कुंभारानं माती आणली, रांजण घडवले. त्या रांजणांच्या बदल्यात वरच्या आळीतून रोज तांब्याभर दूध येऊ लागलं. बाळ चांगलं गुटगुटीत झालं.

सुताराला वाटलं, एका पानावर म्हैस मिळते, तर रंधा मारायचा कशाला? तो रोज ओट्यावर बसू लागला, आणि रोज एकाच पानाच्या आशेवर डाव लावू लागला. महिना सरायच्या आत म्हैस गवळ्याकडे परत गेली. तिच्यामागं हत्यारांची पेटीही गेली. आता तो गवळ्याच्याच गोठ्यात शेण काढायला जाऊ लागला.

एक दिवस वाटेत त्याला कुंभार भेटला. सुतार कळवळून म्हणाला, "पण त्या दिवशी आला होता रे राजा!"

"आला होता खरा," कुंभार हळूच म्हणाला. "त्यानंच तुला बुडवलं."

तात्पर्य : वाईट डाव एकदा जिंकला म्हणून चांगला ठरत नाही, पान उचलण्याआधी गड्डीत काय उरलंय ते मोजावं.