धोंडेमाळचे तीन भिंतींचे चर्च

धोंडेमाळचे चर्च पाहिले की नव्या माणसाला वाटते, काम अर्धवट राहिले असावे. तीन बाजूंना काळ्या दगडाच्या जाड भिंती आहेत, वर पत्रे आहेत. पण माळाकडच्या बाजूला भिंतच नाही. दोन लाकडी खांब आणि पुढे उघडा माळ. पावसात पुढच्या ओळी भिजतात, उन्हाळ्यात प्रवचन चालू असताना शेळ्या आत येऊन बसतात.

"दगड संपले होते का हो?" पाहुणे विचारतात.

चर्चची झाडलोट करणाऱ्या रिबेकाबाई हसतात. दगडांना इथे काय तोटा! "बसा, सांगते," असे म्हणून त्या भागूची गोष्ट सुरू करतात.

फार पूर्वी गावकुसाबाहेरची वस्ती ख्रिस्ती झाली. तेव्हा चर्च नव्हते, उपासना लिंबाखाली व्हायची. त्या वस्तीत भागू नावाची बाई होती. सटवा गवंड्याची ती थोरली भावजय. नवरा वारला आणि पाठोपाठ तिच्या अंगावर चट्टे उठले, बोटे झडू लागली. महारोग म्हटल्यावर लोकांनी तिला माळावर खोपट बांधून दिले. तिची तान्ही लेक मार्था सटवाच्या घरी वाढली.

भागूला लेक दिसायची ती फक्त रविवारी. लिंबापासून लांब, दगडांच्या ढिगावर ती बसे. वाऱ्यावर गाणे आले तर ऐके, नाहीतर नुसती बघे. आज पोरीच्या केसांना तेल आहे, आज तिने नवा परकर घातलाय, आज ती प्रार्थनेत डुलक्या घेतेय, एवढे बघून ती आठवडा काढी. तिला हाकलावे असे कुणाला वाटले नाही, आणि जवळ बोलवावे असेही वाटले नाही.

मग चर्च बांधायचे ठरले. ज्यांना कुठल्याच देवळाची पायरी चढू दिली नव्हती, त्यांचे स्वतःचे देवाचे घर! बायांनी पाट्या वाहिल्या, म्हाताऱ्यांनी दगड निवडले. सटवा नावाजलेला गवंडी. तीन भिंती त्याने ओळंब्यात, अगदी सरळ उभ्या केल्या. लोक लगेच आत बसू लागले. शेवटी माळाकडची भिंत चढू लागली, तशी ढिगावरच्या भागूला आधी मार्थाचे पाय दिसेनासे झाले, मग परकर.

आणि ती भिंत कोसळली. चिखल कच्चा राहिला असेल म्हणून सटवाने ती चुन्यात पुन्हा बांधली. असे सांगतात की दुसऱ्यांदा ती भर दुपारी, भाकरी खात बसलेल्या सगळ्यांच्या देखत पडली. वारा नव्हता, धक्का नव्हता. दमलेल्या माणसाने खाली बसावे तशी भिंत खाली बसली.

सगळ्यांच्या नजरा ढिगाकडे वळल्या.

"तीच! तिचीच दृष्ट!" एक म्हातारी ओरडली. "देवाच्या घराला खाती व्हय गं?"

माणसांनी काठ्या उचलल्या. पुढे सटवा, हातात थापी तशीच. मागून त्याच वस्तीतले म्हातारे पाळकबाबा "थांबा रे, थांबा" म्हणत होते, पण ऐकतो कोण?

भागू उठून उभी राहिली. इतक्या जवळ माणसे येऊन तिला कितीतरी दिवस झाले होते. तिने आधी पदर बोटांवर ओढला.

"वैनी, भिंत का पाडली?"

"भावजी, मी हात लावला असता तर दगड बाटला म्हणून तुम्हीच फेकून दिला असता."

"मग तुला पायजे तरी काय?"

भागूने माळापलीकडच्या टेकाडाकडे पाहिले. मग म्हणाली, "मला हाकला. त्या पल्याडच्या टेकाडावर जाते. पण भिंत कंबरेइतकीच बांधा. पोरगी गाण्याला उभी राहिली म्हंजे तिचं डोकं तरी दिसंल."

सटवाने वळून चर्चकडे पाहिले. ढिगावरून त्याने ते कधी पाहिले नव्हते. तो पाळकबाबांना म्हणाला, "बाबा, ल्हानपणी आपण देवळातलं कीर्तन कुठं बसून ऐकायचो?"

"गावकुसाला कान लावून."

"आन् दिसायचं काय?"

"भिंत," पाळकबाबा म्हणाले.

काठ्या हातातच राहिल्या, पण त्यांचे काय करायचे ते कुणाला कळेना.

रविवारी प्रभुभोजन होते, म्हणजे येशूच्या आठवणीत एकाच भाकरीतले आणि एकाच प्याल्यातले सगळ्यांनी घ्यायचे. पाळकबाबांनी भाकर मोडली आणि पंगतीत वाढपी विचारतो तसे, पडलेल्या दगडांवर उभे राहून माळाकडे ओरडून विचारले, "कोणी राहिलं का?"

आपल्याला विचारताहेत असे भागूला वाटलेच नाही म्हणे. पाळकबाबांनी पुन्हा विचारले.

तेव्हा आतून सटवा उठला. "हाय! आमची वैनी राहिली!"

पाळकबाबा ढिगापर्यंत चालत गेले. भागू मागे सरली तसे म्हणाले, "बाई, प्रभूनं महारोगी माणसाला बरं करून मग हात न्हाई लावला. आधी लावला." त्यांनी तिचा हात धरून भाकर दिली, आणि तिच्या मागोमाग त्याच प्याल्यातून स्वतः प्याले. काही जण त्या दिवशी भाकर न घेताच घरी गेले. बाकीचे एकेक करून दगड ओलांडत बाहेर आले.

"मग भागूचा रोग गेला का?" पाहुणे हमखास विचारतात.

नाही, रोग गेला नाही. पण पुढे ती चर्चमध्ये बसायची आणि मार्था तिच्या मांडीला टेकून झोपायची.

भिंत कुणी पाडली, यावर अजून वाद होतात. कुणी म्हणतात, खाली काळी माती आहे, ती भेगाळते. कुणी म्हणतात, देवाचाच हात. सटवा मात्र मरेपर्यंत सांगायचा, "माझ्या हातची दुसरी एक भिंत पडलेली दावा." चौथी भिंत त्याने पुन्हा घातली नाही, आणि त्याच्यानंतर कुणीही घातली नाही.

आजही प्रभुभोजनाआधी पाळक उघड्या बाजूला उभे राहतात आणि माळाकडे तोंड करून विचारतात, "कोणी राहिलं का?" मग सगळे थांबतात. पोरेसुद्धा चुळबुळ करत नाहीत. बहुतेक वेळा नुसता वारा असतो. पण मागच्या नाताळात अंधुक उजेडातून एका बाईचा आवाज आला, "मी हाय." तिला भाकर मिळाली; ती कोण, कुठली, हे अजून कुणी विचारलेले नाही.