आवडा तांबटिणीची पुंगळी

फार वर्षांपूर्वी, करवंडे गावाभोवती शेतापेक्षा रान जास्त होतं तेव्हा, तिथे आवडा नावाची तांबटीण राहायची. हंड्या-कळशांचे पोचे काढून देणं हा तिचा धंदा. पण तिचं नाव मागे राहिलं ते भांड्यांमुळे नव्हे, काडतुसांमुळे.

गावात बंदूक एकच होती. कुठल्याशा लढाईवरून परतलेल्या एका म्हाताऱ्या घोडेस्वाराने आणलेली, आखूड नळीची पलटणी कार्बाइन. म्हातारा गेला आणि बंदूक गावाची झाली. रानडुकरं नाचणीची नासाडी करायची, त्यामुळे ती हाताशी लागायचीच. पण इतक्या जुन्या बंदुकीची काडतुसं बाजारात मिळेनात. मग लोक उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घेऊन आवडाच्या दारात आले. पितळेचं काम ना, मग तुझंच!

आवडा प्रत्येक पुंगळी नखाने वाजवून बघायची. खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर चिरलेली म्हणून बाजूला टाकायची. चांगल्या पुंगळीचं तोंड निखाऱ्यावर धरून मऊ करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू भरायची आणि वर स्वतः ओतलेली शिशाची गोळी बसवायची. काडतूस हातावर ठेवताना म्हणायची, "डुकरासाठी भरलंय बरं. मानसाला लागलं तर ते मीच मारल्यावानी हुईल."

रिकामी पुंगळी परत आणल्याशिवाय ती दुसरं काडतूस द्यायची नाही. आणलेली पुंगळी आधी कानाला लावायची. तिने भरलेली पुंगळी उडवल्यावरही बराच वेळ कोमट राहायची, आणि ती कोमट असेतोवर गोळी कुठे गेली ते तिला आतून ऐकू यायचं, असं म्हणतात. झाडाला लागली तर साल फाटल्याचा आवाज, डुकराला लागली तर घुरघुर. आता तुम्ही म्हणाल, पितळ कधी बोलतं का? तुमच्या घरचं बोलत नसेल. करवंड्यात बोलायचं.

आवडाचा धाकटा भाऊ म्हादू शेतांची राखण करायचा. बंदूक त्याच्याच खांद्याला असायची. एका सकाळी डोंगरावरून असं धुकं उतरलं की चालणाऱ्याला आपलेच पाय दिसेनात. त्या धुक्यातून म्हादू आला, पुंगळी उंबऱ्यावर ठेवली आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

"लागली का रे?" आवडाने विचारलं.

"डुक्कर हुतं, आक्का. पळालं."

आवडाने पुंगळी कानाला लावली. आधी नुसतं धुकं ऐकू आलं. धुक्यालाही आवाज असतो, असं म्हणतात, ओल्या गवतावरून कोणी लुगडं ओढत न्यावं तसा. मग त्याच्या खालून, अगदी बारीक, कोणी तरी म्हणालं, "आये गं."

आवडाने पुंगळी मुठीत मिटली. "म्हादू," ती म्हणाली, "डुक्कर आयला हाक मारतंय व्हय रं?"

म्हादू मटकन खाली बसला. "गवत हललं म्हून झाडली, आक्का. मग वरडल्याचं ऐकलं न् मी पळालो. कुठल्या बांधावनं झाडली त्ये बी आता ध्यानात येईना."

"पळालास त्ये पळालास. आता माज्यासंगं ऊठ."

दोघं धुक्यात शिरली. आवडा पुंगळी मुठीत घट्ट धरून चालत होती आणि मधून मधून कानाला लावत होती. वाट चुकली की आतला आवाज विरायचा, नीट लागली की जवळ यायचा. पण पुंगळी गार झाली की कायमची गप्प होणार, हे तिला ठाऊक होतं. तिने ती काखेत धरली, पदरात गुंडाळली, फुंकर घातली. पितळ गार होतच चाललं. आत जीव धरून असलेला माणूस कोण, कुणाचा, काही ठाऊक नव्हतं. पण त्याच्या मांसातली गोळी आपण ओतलेली आहे, एवढं तिला पुरेसं होतं. ती रडत रडत चालत होती.

शेवटी आवाज येईनासा झाला. तेव्हा आवडाने पुंगळी तोंडात घेतली, जिभेच्या उबेला. आणि असं म्हणतात, की तिच्या ओठांतून तिचा नव्हे, एका परक्या पुरुषाचा आवाज बाहेर पडला, डोंगरभर घुमणारा, "आये गं!"

धुकं जागच्या जागी थांबलं. आणि खालच्या करवंदीच्या जाळीतून क्षीण उत्तर आलं, "ओ!"

जाळीत कमळ्या ठाकर पडला होता, पोळी झाडून मध गोळा करणारा. गोळी मांडीत शिरली होती. आवडाने पदर फाडून जखम आवळली. कमळ्या तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाय, मला माज्याच आवाजात कोन बोलावत हुतं?" आवडाने पदराची गाठ आणखी घट्ट केली. म्हादूने त्याला पाठीवर घेतलं आणि मोठ्याने रडत गावात आणलं.

कमळ्या जगला. लंगडत का होईना, मधालाही जाऊ लागला. पण त्या दिवसापासून एकही पुंगळी आवडाशी बोलली नाही, असं म्हणतात. ती म्हणाली, "त्या गप झाल्या, तर आता तुमी बोला." जो झाडण्याआधी हाक देईल, त्यालाच ती काडतूस भरून देऊ लागली. डुकरं पळून जातील म्हणून लोक कुरकुरले. आवडा म्हणाली, "जाऊ द्या की पळून."

आता ती बंदूक नाही, आवडाही नाही. पण करवंड्यात माळाचं गवत पेटवायचं असो, उतारावरून धोंडा लोटायचा असो, नाही तर झाडाच्या बुंध्यावर शेवटचा घाव घालायचा असो, माणूस आधी हात थांबवतो आणि ओरडतो, "आवडे, वाटंत कोन हाय का गं?" मग सगळे गप्प उभे राहतात, लहान पोरंसुद्धा. बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही, आणि काम सुरू होतं. पण एखाद्या धुक्याच्या सकाळी खालून कुणाची तरी "ओ" येते. तेव्हा हातातलं काम तिथेच टाकून सगळी माणसं त्या आवाजाकडे धावत सुटतात.