कर्ण्याचा पिस्टन

आपल्या आजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. कुरणवाडीचा शिदू ओतारी देवळांच्या घंटा ओतायचा. मग पलटणीने भंगारात टाकलेली एक विलायती मोटारसायकल त्याच्या हाती लागली, आणि तो स्वतःच शर्यतीच्या गाड्या बनवायला लागला. ओतलेला प्रत्येक भाग खिळ्याने वाजवून बघायचा. नाद बद्द आला, की परत वितळायला मुशीत. आयुष्यभरात त्याने अकराच गाड्या केल्या, पण त्या अकरांना वारा घाबरायचा, असं म्हणतात.

गावच्या म्हाताऱ्यांना त्याच्या भट्टीचा धूर सोसायचा नाही. स्वतःच्या चिलमीचा बरा सोसायचा. त्यांनी पैज लावली: विलायतेहून शर्यतीची गाडी घेऊन आलेल्या साहेबाबरोबर तळ्याला पन्नास फेऱ्या. शिदू हरला, तर भट्टी मोडायची.

त्या दिवशी साहेब गाडी बंद ठेवून सावलीत बसला. शिदूला मात्र पाटलांनी फर्मावलं, “चालू कर, गावाला आवाज ऐकू दे.” आणि स्वतः कर्ण्यावर भाषणाला उभे राहिले. असली गाडी पळताना वाऱ्याने थंड राहते, उभी ठेवली की तापते.

“पाटील, आवरा. इंजिन भाजतंय.”

“भाजू दे. मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये.”

आपले, वडिलांचे आणि वडिलांच्या घोडीचे गावावरचे उपकार पाटलांनी सांगेपर्यंत पिस्टन वितळून आत चिकटला. निशाण पडलं. साहेब सुटला.

“नशीब एकेकाचं,” म्हातारे म्हणाले. नशीब कसलं, यांची तोंडं.

शिदू खांबावर चढला आणि ॲल्युमिनियमचा तो कर्णाच उपटून खाली आला. भट्टी तळ्याकाठीच होती. त्याने तो मुशीत टाकला.

“अरे, माझं भाषण उरलंय.”

“तेच ओततोय,” शिदू म्हणाला.

साहेबाच्या एकतिसाव्या फेरीला नवा पिस्टन खिळ्याखाली घंटेसारखा वाजला. शिदू सुटला तेव्हा तळ्याचं पाणी उठून काठाकाठाने त्याच्या मागे धावलं, असं म्हणतात. पन्नासावी फेरी त्याने साहेबाआधी संपवली. साहेबाने उतरून आधी तो पिस्टन बघायला मागितला.

भट्टी अजून आहे. जत्रेत तळ्याभोवती शर्यत होते, तिथे कर्णा लावत नाहीत. शिदूच्या नावाने घंटा एकदा वाजते आणि गाड्या सुटतात. एखादा म्हातारा दोन शब्द बोलायला उठलाच, तर पोरं भट्टीचा भाता मारायला लागतात.

तो बसतो.