ठकूआत्याची वाकडी गोधडी

फार वर्षांपूर्वी, पारावरचा पिंपळ माणसाच्या कमरेइतका होता तेव्हा, वाघझिऱ्यात ठकूआत्या राहायची. ती नेमकी कुणाची आत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारी माणसं तिला आत्या म्हणायची आणि त्यांची नातवंडंही आत्याच म्हणायची. लहानपणी तिला देवी आल्या आणि जाताना एक डोळा घेऊन गेल्या. लग्न काही झालं नाही. भावाच्या घराला लागून एक छपराची खोली होती, तिथं ती राहायची आणि गोधड्या शिवायची.

वाघझिरं वसलंय डोंगराच्या पाठीवर. दिवाळी सरली की खिंडीतून जो वारा सुटतो, तो शिमग्याच्या होळीपर्यंत दम खात नाही. तेव्हा गोधडीवाचून गावात कुणाचं भागत नसे. घरोघरी बायका शिवायच्या. पण बाकीच्या शिवायच्या गरजेपोटी आणि आत्या शिवायची हौसेनं. हाताला लागेल ते घ्यायची. विटलेलं लुगडं, धोतराचा पन्हा, कुणाच्या मुंडाशाचा तुकडा, पोराला आखूड झालेलं अंगडं, गुळाच्या ढेपेवरचं कापडसुद्धा. दोरा संपला तर लुगड्याच्या काठातला धागा उसवून घ्यायची. एका डोळ्यानं शिवायची, म्हणून टाके तिचे सरळ पडत नसत. एका काठाहून निघायचे आणि भलत्याच गावाला पोचायचे. टाका असा भरकटला की आत्या गायची,

टाका वाकडा पडला, पडू दे गं बाई त्याला
वाकड्याच वाटेनं माझा बंधू घरी आला

असं म्हणतात, की तिच्या गोधडीत तापलेलं माणूस निजलं तर पहाटे घाम येऊन ताप उतरायचा. भांडलेली भावंडं एका गोधडीखाली झोपली तर सकाळी भांडण कशावरून झालं तेच विसरून उठायची.

अशात एका वर्षी गावात शिवणाचं मशीन आलं. शेलारांची सून द्वारका, तिचा नवरा लांब शहरात गिरणीत कामाला होता. वर्षातून एकदा दिवाळीला यायचा. त्या दिवाळीला तो आला नाही, त्यानं मशीन पाठवलं. हातानं फिरवायचं, काळं कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. बैलगाडीतून पेंढ्यात बसवून आणलं. सगळा गाव बघायला लोटला. द्वारकेनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, दांडा फिरवला आणि कापडावर टाके पडत गेले, पाभरीनं पेरलेल्या ज्वारीसारखे एका ओळीत. बायकांनी तोंडात बोटं घातली. आत्या सगळ्यांच्या पुढं बसून बघत होती.

"देवानं काय बुद्धी दिली गं माणसाला!" ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

द्वारका स्वभावानं वाईट नव्हती. पण नवऱ्याच्या जागी घरात मशीन आलं होतं आणि त्या मशीनच्या थोरवीवरच तिला दिवस काढायचे होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या, तेव्हा बसायला आत्याची गोधडी अंथरली होती. द्वारकेनं तिचा कोपरा उचलून बघितला.

"अगं बया! ह्याच्यावरनं कोंबडी चालत गेली का काय?"

बायका खळखळून हसल्या. आत्याही हसली. पण घरी आल्यावर तिनं आपली पांघरायची गोधडी दारातल्या उन्हात धरली आणि आपले टाके दुसऱ्याला कसे दिसत असतील ते पहिल्यांदाच बघितलं. बराच वेळ बघत बसली. मग सुई छपराच्या काडात खोचली आणि चुलीपुढं गेली.

कोंबडीचं बोलणं गावभर झालं. कुणाच्याही घरी हातशिवणीची गोधडी दिसली की बायका एकमेकींकडं बघून गालात हसायच्या. मग हळूहळू सगळ्यांनीच गोधड्या पाहुण्यांपुढं काढायच्या सोडल्या. नवी शिवायला कुणी घेईना. मशीन नाही तर शिवायचं कशाला, असंच सगळ्यांना वाटू लागलं.

उन्हाळा आला आणि कुळकर्ण्यांच्या घरी पायाचं मशीन आलं. गोदावहिनी ही कुळकर्ण्यांची धाकटी सून, तिच्या माहेराहून आलं. त्याला पायानं दाबायची लोखंडाची जाळीदार पायटी, वर लाकडाचं मेज. ती एकदा द्वारकेकडं गेली आणि तिचं मशीन बघून म्हणाली, "अय्या, हाताचंच आहे होय? म्हणजे जातं फिरवायचं नि हे फिरवायचं, एकच की!"

द्वारकेनं त्या दिवशी मशीनवर धडपं टाकलं आणि ते खाटेखाली सारलं. परत काढलं नाही.

राहता राहिली गोदावहिनी. तिच्यापुढं आता गावात कुणी काही शिवत नव्हतं. ओसरीवर एकटीच मशीन चालवत बसायची. दाखवायला कापड उचलायची आणि समोर कुणी नसायचं.

पुढच्या हिवाळ्यात वाघझिऱ्यात थंडी पडली ती अशी, की हौदातल्या पाण्यावर साय धरली. शेतातला हरभरा एका रात्रीत काळा पडला. जुन्या गोधड्या विरल्या होत्या आणि नव्या कुणी शिवल्याच नव्हत्या. घराघरांतून खोकल्याचा आवाज येई.

आत्याच्या शेजारी येसू राहायची, पहिलटकरीण. आत्या सकाळी तिच्याकडं डोकावली, तर येसूनं बाळ गोणपाटात गुंडाळलं होतं. त्याचे ओठ निळे झाले होते. रडायचंही त्राण नव्हतं.

"अगं येसू, तुझ्या आईनं बारशाला दिलेली गोधडी कुठाय?"

"पेटाऱ्यात खाली घातलीय, आत्या." येसूनं मान खाली घातली. "वाकडी शिवलीय आईनं. बघायला येणाऱ्या बाया हसत्यात."

आत्यानं स्वतः पेटारा उघडला, गोधडी काढली, बाळाला तिच्यात लपेटून येसूच्या छातीशी दिलं. आणि दारात उभी राहून गावाकडं बघितलं. एवढ्या घरांत अजून किती लेकरं अशी कुडकुडत असतील? आणि आपण सुई खोचून बसलो, ती एका बोलण्यापायी!

ती तडक खोलीत गेली. छपरातली सुई ओढली, तर गंजलेली, मोडून हातात आली. आत्या थांबली नाही. कुंपणातल्या बाभळीचा लांब काटा मोडला, त्याच्या बुडाशी भोक पाडलं, अंगावरच्या लुगड्याचा धागा उसवला, घरातल्या होत्या नव्हत्या चिंध्यांचं बोचकं घेतलं आणि पारावर भर उन्हात जाऊन बसली. सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर.

असं म्हणतात, की त्या काट्याची धार कधी गेली नाही आणि त्यातला धागा कधी संपला नाही.

पाणवठ्यावरून परतणाऱ्या बायका थबकल्या. आत्यानं कुणाला बोलावलं नाही. ती आपली गात होती आणि शिवत होती. एकीनं घागर खाली ठेवली आणि कडेला बसली. दुसरी घरी जाऊन नवऱ्याचं जुनं धोतर घेऊन आली. कुणी दाभण आणलं, कुणी पोत्याची सुई आणली. दुपारपर्यंत पाराभोवती बायकांचं रिंगण झालं. ज्या बाप्यांना दोन टाके येत होते, तेही कडेकडेनं येऊन बसले.

तिसऱ्या प्रहरी द्वारका आली. डोक्यावर मशीन होतं. चढाचा रस्ता, मशीन जड, मानेच्या शिरा ताठ झालेल्या. रिंगणाशी येऊन ती उभीच राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "त्या दिवशी मी जे बोलले..."

"कोंबडीच चालत गेली होती गं," आत्या म्हणाली. "दुसरं काय दिसतंय ते? ठेव खाली, मान मोडंल. हे तुकडे जोडायला माझा जीव मेटाकुटीला आलाय. तू भराभर जोडून दे, आम्ही थर घालून टाके घालतो."

द्वारका हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं दांड्यावर हात ठेवला. आता तुकड्याला तुकडा जोडला जाऊ लागला आणि गोधडी पारावरून खाली उतरली.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओसरीवर, गोदावहिनीला गाणं ऐकू येत होतं. शेवटी तिला राहवेना. ती पायरीवर येऊन ओरडली, "अहो ठकूबाई! मलाही यायचंय. पण माझं मशीन काही उचलत नाही हो!"

आत्यानं मान वर केली. "मशीन येत नसंल तर ऱ्हाऊ द्या, वहिनी. गोधडीच धाडते तुमच्याकडं!"

आणि तिनं खरंच धाडली. असं म्हणतात, की ती गोधडी वाढत वाढत गल्लीतून निघाली. शेलारांच्या गोठ्यावरून गेली, हौदाला वळसा घालून गेली आणि तिचं दुसरं टोक कुळकर्ण्यांच्या ओसरीवर गोदावहिनीच्या मशीनखाली पोचलं. एका टोकाला पायाचं मशीन धडधडत होतं, मध्ये द्वारकेचा दांडा फिरत होता, दुसऱ्या टोकाला बाभळीचा काटा चालला होता, आणि मध्ये सगळा गाव. गोदावहिनीला समोर बसायला आता इतक्या जणी होत्या, की तिनं आतून घरातली सगळी घोंगडी-सतरंज्या आणून बसायला घातल्या.

किती दिवस असं चाललं, कोण जाणे. माघ लागला. एका दुपारी सगळे असेच शिवत बसले असताना खिंडीकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं. वारा पडला. गुरं हंबरायला लागली. आणि बघता बघता गारा आल्या, लिंबाएवढ्या, मग पेरूएवढ्या. घराकडं धावायला कुणाला उसंत मिळाली नाही. कौलं फुटायला लागली.

"उचला!" आत्या ओरडली. "डोक्यावर घ्या!"

ज्याच्या हाताला जो काठ होता तो त्यानं वर उचलला. पारापासून ओसरीपर्यंत सगळी गोधडी एका दमात वर झाली आणि सगळा गाव तिच्याखाली गेला. माणसं गेली, गुरं गेली, शेळ्या-कोंबड्या गेल्या, येसूचं बाळ गेलं. वर गारांचा मारा आणि खाली शेकडो हात. द्वारका आणि गोदावहिनी एकमेकींना घट्ट धरून उभ्या होत्या. आत्या मधोमध. असं म्हणतात, की गारा गोधडीवर पडून पाणी झाल्या आणि ते पाणी टाक्याटाक्यांच्या वाटेनं वाकडंतिकडं वाहत काठाला गेलं. आत एक थेंब गळला नाही.

गारा थांबल्या तेव्हा रान पांढरं झालं होतं. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांत गुरं मेली, माणसं जायबंदी झाली. वाघझिऱ्यात एका जिवालाही खरचटलं नाही.

मग ती गोधडी वाळवली आणि घरोघर वाटून घेतली. कापताना आत्यानं कुणाला माप घालू दिलं नाही. ज्यानं त्यानं हाताला येईल तेवढी घ्यायची. आणि असं म्हणतात, की ज्या घरानं जेवढी नेली, त्या घरातल्या सगळ्यांना ती पुरली.

आत्या पुढं पुष्कळ जगली. दुसराही डोळा गेला, तरी बोटांनी चाचपून शिवायची. द्वारकेचा नवरा गिरणी सोडून गावी परतला, तेव्हा त्याला पांघरायला आत्यानंच गोधडी दिली. आत्या गेली त्या दिवशी, सांगतात, भर पौषात खिंडीतला वारा दिवसभर थांबला होता. तिच्या अंगावर घालायला गावातल्या प्रत्येक घरानं एकेक तुकडा आणला होता.

वाघझिऱ्यात आजही रथसप्तमीला पारावर गोधडी पडते. त्या दिवसाला 'आत्याचं बसणं' म्हणतात. कुणी सुईदोरा घेऊन येतं, कुणी आजीचं हाताचं मशीन डोक्यावरून आणतं. ग्रामपंचायतीतून वायर ओढून विजेची मशीनंही लावतात. ज्या घरी नुकतं बाळ आलं असेल त्या घरी ती गोधडी जाते. आणि एक नियम आहे. "कशावर शिवलंस?" असं त्या दिवशी कुणी कुणाला विचारायचं नाही. विचारलं, तर साऱ्या गावाला चहा पाजायचा.

गेल्या साली उपकेंद्रात नवी नर्सबाई आली. तिनं जन्मात सुई धरली नव्हती. ती लांब उभी राहून बघत होती, तर बायकांनी हाताला धरून बसवलं. खाली मान घालून तिनं एक ओळ घातली. ओळ निघाली एका काठाहून आणि गेली पार कोपऱ्यात. तिनं घाबरून इकडंतिकडं बघितलं.

शेजारच्या म्हातारीनं तिच्या हातातला संपत आलेला धागा बघितला, स्वतःच्या सुईत नवा ओवला आणि ती सुई तिच्यापुढं धरली.