उपडी वाटी

आमच्या आडवळणाच्या कॉलेजात गणिताची तोंडी परीक्षा घ्यायला शहरातून खासनीस सर यायचे. पोरांना रडवण्यात त्यांचा हातखंडा. त्या दिवशी अख्खा वर्ग गारद करून त्यांनी शेवटच्या केतकी दुधाळला विचारलं, “e चा घात उणे x वर्ग उणे y वर्ग. याचं संपूर्ण प्रतलावर, चहूकडे अनंतापर्यंत, इंटिग्रेशन कर.”

केतकीने फळ्यावर उत्तर लिहिलं: π.

“घोकंपट्टी!” सर कडाडले. “π वर्तुळाचा. या प्रश्नात वर्तुळ कुठाय? दाखव, नाहीतर नापास!”

सरांसाठी मागवलेल्या वड्यांसोबतची चटणीची वाटी रिकामी झाली होती. केतकीने ती टेबलावर उपडी ठेवली. “सर, याचा आलेख असाच, मध्ये उंच आणि सगळीकडे उतरत गेलेला. आता जरा डोळे मिटा.”

सरांनी मिटले, उघडले.

“मी वाटी जागच्या जागी फिरवली की नाही?”

सरांनी वाटी निरखली. “कसं सांगणार? कशीही फिरव, सारखीच दिसणार!”

“मग सर, वर्तुळ तुम्हीच दाखवलंत की!”

सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. वाटी आम्ही कॅन्टीनला परत केली नाही. ती आमच्या विभागाच्या कपाटात आहे, बक्षिसाच्या ढालींच्या वरच्या फळीवर.